मुकादमाचं औषध

बायको गेल्यावर आठव्या दिवशी फिटरने आणि त्याच्या मेहुणीने मांजरं वाटून घेतली.

कपाट, दागिने, साड्या यांवरून एका शब्दाची वादावादी झाली नाही. मेहुणीला, म्हणजे धाकटीला, जे हवं होतं ते तिने नेलं, फिटरने मान वर करून पाहिलंही नाही. पण मांजरांवरून दोघांनी अंगणात उभं राहून एकमेकांचे असे वाभाडे काढले की भोवतीच्या तिन्ही इमारतींच्या खिडक्या उघडल्या. शेवटी अंगणाच्या मधोमध असलेली पाण्याची टाकी ही हद्द ठरली. टाकीच्या अलीकडची फिटरची, पलीकडची धाकटीची. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

फिटर कारखान्यात फिटर होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लोक त्याला त्याच नावाने हाक मारत. धाकटी म्हणजे त्याच्या बायकोची सख्खी धाकटी बहीण. एका लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहायची आणि मागच्या इमारतीत तळमजल्यावर एकटी राहायची. अंगणातल्या बेवारशी मांजरांना खायला घालायचं वेड दोघी बहिणींचं. बारा वर्षं एक दिवस चुकला नाही. आजारी मांजर टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं, मांजरी पकडून ऑपरेशन करून आणायची, शेजाऱ्यांच्या शिव्या खायच्या, सगळं दोघींनी मिळून केलं. फिटरचं काम एवढंच की भांड्यांना तारेचे कान लावून द्यायचे आणि "आता माणसांचं जेवण होणार आहे का?" असं विचारायचं.

बायको गेली ती छातीत कळ येऊन. सकाळी सातला म्हणाली, दुखतंय. फिटर म्हणाला, गॅस झाला असेल, आणि त्याने तिला गोळी दिली. नऊला धाकटी आली, तिने गाडी बोलावली. दवाखान्याच्या दारात धाकटीने विचारलं, "दोन तास काय करत होतात, भावोजी?" फिटरला उत्तर सापडलं ते रात्री. आदल्या दिवशी मांजरांच्या खाण्याचं वीस किलोचं पोतं दोघी बहिणींनी फाटकापासून उचलून आणलं होतं. "तुझ्या पोत्याने मारलं तिला," तो म्हणाला. असं ते मरण दोघांनी एकमेकांच्या गळ्यात टाकलं, आणि ते कोणीच उतरवून ठेवलं नाही.

आता मांजराला हद्द कोण शिकवणार? बाकीची दहा कशीबशी आपापल्या बाजूला राहिली. अकरावा मुकादम. पांढऱ्या अंगावर काळे डाग, एक कान अर्धा. बाकीचे खात असताना हा पठ्ठ्या टाकीच्या कठड्यावर बसून सगळ्यांवर नजर ठेवायचा आणि मग खाली उतरायचा, म्हणून बायकोने त्याला मुकादम म्हटलं. पिल्लू असताना तो गटारात सापडला होता. तिने त्याला ड्रॉपरने दूध पाजून वाढवलं. तिच्या हातचं असं हे एकच मांजर उरलं होतं. तो दोन्हीकडे खायचा.

जून महिन्यात मुकादमाच्या तोंडातून लाळ गळायला लागली. खायला जवळ यायचा, एक घास घ्यायचा आणि ओरडून मागे सरायचा. फिटरने त्याला टोपलीत घातलं आणि संध्याकाळच्या वेळी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी तिथे शिकाऊ डॉक्टर असायचा. हिरड्या सुजल्यात म्हणाला, निळ्या टोपणाची एक बाटली आणि खुणा केलेली पिचकारी दिली. दिवसातून एकदाच, या खुणेपर्यंत. जास्त नाही.

फिटरने खुणेपर्यंतच दिलं. कारखान्यात सुताच्या फरकाने माल परत गेलेला पाहिलेला माणूस तो. खुणेवर एक थेंब चढला तर पिचकारी रिकामी करून पुन्हा भरायचा. तीन दिवसांत मुकादम चांगला खायला लागला. फिटरला आठ महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

चौथ्या दिवशी तो नळाचा वॉशर आणायला निघाला आणि धाकटीच्या खिडकीसमोरून गेला. ओट्यावर निळ्या टोपणाची बाटली.

तो थांबला. मग टाकीपलीकडे तिच्या बशीशी गेला, वाकून वास घेतला. तोच गोडसर वास. बशीच्या काठाला पिवळा चिकट डाग.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? दार वाजवलं असतं. फिटर घरी आला, खुर्चीत बसला आणि मनाशी म्हणाला, ती विसरभोळी आहे. आज देईल, उद्या विसरेल. मी थांबवलं आणि ती विसरली तर मुकादमाचं तोंड पुन्हा चिघळेल. हे त्याने स्वतःला सांगितलं. याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती त्याने सांगितली नाही. मुकादम बरा झाला तर तो आपल्या हाताने बरा व्हायला हवा होता.

पाचव्या दिवशी त्याने औषध दिलं. मग जाऊन तिची बशी पाहिली. डाग होता. सहाव्या दिवशी दिलं, पाहिलं. डाग होता. रोज.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा पाहुणा दोन्ही घरी जेवला.

अकराव्या दिवशी सकाळी मुकादम कठड्यावर नव्हता. टाकीच्या नळाखाली पडला होता, तोंड पाण्याशी, शेजारी काळपट ओकारी. फिटर टोपली घेऊन पळत आला तेव्हा धाकटी आधीच तिथे गुडघ्यावर बसली होती.

"हात लावू नका," ती म्हणाली. आठ महिन्यांतला पहिला शब्द.

"तुझ्याकडे टोपली आहे?"

तिच्याकडे नव्हती. तिने मांजर उचलून त्याच्या टोपलीत ठेवलं आणि टोपली स्वतः उचलली. दवाखान्यापर्यंत ती पुढे, फिटर मागे.

सकाळची डॉक्टरीणबाई मोठी. तिने मुकादमाचं पोट दाबलं, डोळ्यांच्या कडा पाहिल्या आणि कार्ड मागितलं. मदतनीस बाईने दोन कार्डं आणली.

"हे काय?"

"एक 'मुकादम', एक 'बाळ्या'," मदतनीस म्हणाली. "दोघं बोके, दोघं पांढरे-काळे, दोघांचा डावा कान अर्धा. मला वाटलं भाऊ असतील."

"बाळ्या कोण?" फिटर म्हणाला. "त्याचं नाव मुकादम आहे. त्याच्या आईने... तिने ठेवलंय."

"ताई त्याला बाळ्याच म्हणायची," धाकटी म्हणाली. "मुकादम फक्त तुमच्यासमोर. तुम्हाला बाळ्या ऐकून चीड यायची म्हणून."

खरं-खोटं विचारायला आता कोणी नव्हतं.

डॉक्टरीणबाईने दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. तिचा चेहरा बदलला. "दोघांना तेच औषध दिलंय. म्हणजे या एकाच बोक्याला दुप्पट. आणि हे औषध मांजराच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला सोसत नाही, म्हणून तर थेंब मोजून देतात. किती दिवस?"

"दहा," फिटर म्हणाला. "रोज."

"आणि तुम्ही?"

धाकटीने इस्त्रीने भाजलेल्या बोटांनी पदर मुठीत धरला. "मी... रोज नाही. एक दिवसाआड. मध्ये दोन-तीन दिवस लाँड्रीत जास्तीचं काम होतं, तेव्हा राहिलंच. चारदा दिलं असेल. चारदाच."

"नक्की? चारदाच असेल तर मी आता सलाईन आणि पोटाचं औषध देऊन घरी सोडते. तुमच्या घरीच तो शांत राहील. रोज असेल तर घरी पाठवणं म्हणजे मरायला पाठवणं. मग इथे ठेवून रात्रंदिवस सलाईन चालू ठेवावं लागेल. नीट आठवा."

"चारदा," धाकटी म्हणाली. ती कोणाकडेच बघत नव्हती.

फिटरला दिसत होतं की ती खोटं बोलतेय. हेही कळत होतं की ती का बोलतेय. स्वतःच्या हाताने बहिणीचं मांजर मारलं हे तिच्या जिभेवर येत नव्हतं. त्याने गप्प बसायचं ठरवलं असतं तर कोणाला कळलं नसतं. तिचे चार, आपले दहा, चूक दोघांची, नकळत झालेली. पण बोललं तर पुढचा प्रश्न येणार होता: तुम्हाला काय माहीत?

टेबलावर मुकादमाची जीभ बाहेर आली होती.

"ती रोज देत होती," फिटर म्हणाला. "एक दिवस चुकला नाही."

"तुम्हाला काय माहीत?" धाकटी वळली.

"मी तुझी बशी बघत होतो. चौथ्या दिवसापासून रोज."

डॉक्टरीणबाईने मदतनीस बाईला खूण केली आणि मुकादमाला आत नेलं. बाहेरच्या बाकाशी ही दोघंच उरली.

"बघत होतात," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. तो चढवला असता तर फिटरला बरं वाटलं असतं. "बघत होतात आणि घालत होतात."

"हो."

"एक शब्द बोलला नाहीत."

"नाही."

"तेव्हाही बघतच बसला होतात, भावोजी. दोन तास. ती घामाने भिजली होती आणि तुम्ही गॅसची गोळी शोधत होतात. मला वाटायचं, अडाणी माणूस, कळलं नसेल. आता कळलं. तुम्हाला कळतं. तुम्ही बघता आणि बसता."

फिटरकडे पोत्याचं उत्तर होतं. आठ महिने तो ते घासून धार लावून ठेवत होता. ते त्याच्या ओठापर्यंत आलं आणि त्याला स्वतःलाच ते हलकं वाटलं. वीस किलोचं, पण हलकं.

"तू पण आत खोटं बोललीस," एवढंच तो म्हणाला.

"बोलले. थुंका माझ्यावर."

मदतनीस बाईने दार उघडून सांगितलं की भांडायचं असेल तर रस्त्यावर जा, आतली कुत्री बिथरतात.

मुकादम चार दिवस सलाईनवर राहिला. दोघं रोज जात. धाकटी लाँड्रीआधी, फिटर नंतर. एकमेकांना टाळायला दोघांनी वेगवेगळे रस्ते धरले आणि दोनदा त्याच कोपऱ्यावर समोरासमोर आले. पाचव्या दिवशी मुकादमाने थोडं खाल्लं. वाचला. पण मूत्रपिंडं अर्धी गेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाली, आता जन्मभर मऊ खाणं, रोज सकाळी पाव गोळी, आणि भरपूर पाणी. तिने गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं.

"पाकीट एकच देणार. हात एकच. कोणाचा?"

दोघांचेही हात पाकिटाकडे गेले आणि अर्ध्यावर थांबले.

"हा पिंजऱ्यात राहणारा प्राणी नाही, दोन्हीकडे फिरणार. तुम्ही एकमेकांशी बोलत नाही का?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

"मग लिहा. काय घातलं, किती घातलं. तुमचं भांडण घरी न्या, त्याच्या पोटात नको."

फिटरने पाकिटाकडे पाहिलं. घ्यावंसं त्याला इतकं वाटत होतं की त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"ती देईल," तो म्हणाला.

धाकटीने पाकीट उचललं. "उपकार नाही करत तुम्ही," ती म्हणाली.

"माहीत आहे. लिहीत जा."

टाकीशेजारी पंपाच्या खोलीला पत्र्याचं दार होतं. दुसऱ्या दिवशी त्यावर खडूने लिहिलेलं होतं: "गोळी दिली. सात वाजता. खाल्ली. तुम्ही मासळी घालू नका, डॉक्टरांनी सांगितलंय, तुम्ही ऐकलं नसेल."

फिटरने घरातून खडू आणला आणि खाली लिहिलं: "ऐकलं. मऊ खाणं दोन चमचे. साडेआठ."

असं चालू झालं. रोज सकाळी दार पुसायचं आणि नवं लिहायचं. मुकादम कठड्यावर चढू शकत नव्हता, तो पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसायचा. इमारतीतले लोक येता-जाता दार वाचायचे आणि हसायचे. तिने लिहिलं, "तुमच्या बाजूला उंदीर मेलाय, वास येतो." त्याने लिहिलं, "वास तुझ्याकडून येतोय, नाक फिरव." तिने लिहिलं, "गोळी दिली. अर्धी थुंकली. पुन्हा दिली नाही, कारण मी बघत बसत नाही, मी विचारते. दवाखान्यात विचारून आले." त्यावर फिटरने त्या दिवशी फक्त "दोन चमचे" लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी गोळीच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. अक्षर नेहमीपेक्षा मोठं होतं, लांबून दिसावं असं: "ताईला पक्कं ठाऊक होतं तुम्ही कसे आहात."

फिटरने ती ओळ दोनदा वाचली. वरच्या मजल्यावरच्या दोन बायका गॅलरीत येऊन पाहू लागल्या. मुकादम त्याच्या पायाला घासून निघून गेला. फिटरने खडू घेतला आणि जोर देऊन लिहिलं, इतका की खडू मध्येच मोडला आणि उरलेल्या तुकड्याने त्याने पुरं केलं:

"ठाऊक होतं. तरी चौतीस वर्षं राहिली. तुझं पाण्याचं भांडं हिरवं झालंय, ते घास. त्याला स्वच्छ पाणी लागतं."

दुसऱ्या दिवशी टाकीपलीकडचं भांडं घासलेलं होतं. दारावर लिहिलं होतं: "गोळी दिली. सात वाजता. खाल्ली. तुमचं पण घासा."