हात रिकामा असताना

सहीचा कागद टेबलावर, पर्स खांद्यावर आणि घड्याळात पावणेचार. पाळणाघर पाचला बंद व्हायचं आणि लेकीला सकाळपासून कणकण होती. "आज मीच येणार घ्यायला," असं तिनं सासूबाईंना ठणकावून सांगितलं होतं.

तपासणी तीनदा पास झाली होती. तशी ती साधीच. नवं यंत्र जोडलं की संगणक जुन्या कार्डाला म्हणतो, जरा थांब, तुझी जागा बदलतो. कार्डाच्या ड्रायव्हरनं, म्हणजे ते चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं, हातातलं काम सांभाळायचं, नव्या जागी बसायचं आणि थांबला तिथून पुढे चालू लागायचं.

पेन टेकवता टेकवता तिची नजर नोंदीवर गेली. कार्डाच्या हातात काम हवं म्हणून लावलेली फाइलची कॉपी संपली एक दहाला. पहिली तपासणी सुरू झाली एक चौदाला. तिनं पेन खाली ठेवलं. मध्येच पाळणाघराचा फोन आला होता; ती जिन्यात बोलत राहिली आणि परत येऊन तिन्ही तपासण्या चालवल्या त्या रिकाम्या बसलेल्या कार्डावर. हातात काहीच नसेल तर सांडणार काय?

"पुन्हा चालवावी लागेल."

हा ड्रायव्हर लिहिणारा शेजारच्याच टेबलावर बसायचा. केस अकाली पिकले म्हणून सगळ्यांचा आजोबा. "अगं, तीनदा पास झालाय! आता काय डोक्यावर घेऊन नाचायचं?"

"आजोबा, तो तेव्हा नुसता बसून होता."

"मग माझ्यावरच गेलाय."

तिनं घरी सासूबाईंना फोन लावला. "आई, मला उशीर होईल. तुम्ही जाल?"

"सकाळी केवढा तोरा होता! जाते. तू खाल्लंस का काही?"

तिनं कॉपी सुरू केली आणि ती अर्ध्यात असतानाच तपासणी चालवली. पडद्यावर 'पूर्ण' उमटलं. कॉपी मात्र मूळ फाइलपेक्षा लहान भरली. दुसऱ्यांदाही तेच.

आजोबाची खुर्ची कुरकुरली. "सही केली असतीस तर मला कळलंही नसतं."

"ग्राहकाला कळलं असतं."

"जा तू घरी. माझं मी निस्तरतो."

तिनं 'नापास' लिहिलं. खाली लिहिलं, आधीच्या तीन तपासण्या धरू नयेत, चूक माझी.

साडेसहाला ती घरी पोहोचली. लेक सासूबाईंच्या खांद्यावर होती. लेकीनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. ती पर्ससकट तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं, तोंड तिकडेच ठेवून, एक कोमट मूठ मागे आली आणि तिची बाही धरून बसली.

"धरलंय," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आता हलू नकोस."