तीन तिरक्या चुण्या

टॅक्सीतून उतरली आणि आई सरळ मागच्या गल्लीकडे चालू लागली. तिकडे कचऱ्याचे डबे, भाजीचे रिकामे क्रेट आणि स्वयंपाकघराचं लोखंडी दार. एकवीस वर्षं ती त्याच दाराने आत गेली होती, पाय तिकडेच वळणार. मी धावत जाऊन तिचा दंड धरला.

"आई, आज आपण गिऱ्हाईक आहोत. पुढून जायचं."

"अगं हो की," म्हणत ती लाजली. ती लाजली आणि माझं डोकं तिथेच तापायला लागलं.

आधीच सांगून ठेवते, माझं डोकं फार लवकर तापतं. मी शाळेत खेळ शिकवते. दिवसभर शिट्टी आणि आरडाओरडा. पण त्या दिवशी तोंड आवरायचं असं मी घरून ठरवून निघाले होते. वर्षातली सगळ्यात मोठी सुट्टी होती. गावातल्या सगळ्यात महागड्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये मी दीड महिना आधी दुपारचं टेबल राखून ठेवलं होतं. जिथे आईने एकवीस वर्षं उभ्याने काढली, तिथे तिने एकदा तरी बसून जेवावं, एवढंच मला हवं होतं.

चार महिन्यांपूर्वी तिला घरी बसवलं होतं. "हात मंदावला, मावशी," मोठे शेफ म्हणाले. "आता आराम करा. गरज पडली तर बोलावूच." आईने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं. तेव्हापासून फोन तिच्या हातात. आंघोळीला जातानाही तो बाहेर स्टुलावर, आवाज पूर्ण वाढवलेला. "सुट्टीत गर्दी असते, बोलावतील बघ." मी एकदा वैतागून म्हटलं, "बोलावतील कसले! दुधातली माशी काढावी तसं काढलंय तुला." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बोलायला नको होतं मी, पण राग आला की माझी जीभ सुटते.

आत पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, पातळ काचेचे ग्लास. आईने हे दालन कधी पाहिलंच नव्हतं. "इथे एवढा उजेड असतो होय," ती हळूच म्हणाली. आत भिंतीच्या पलीकडे ती पिठाच्या धुरळ्यात ट्यूबलाइटखाली उभी असायची.

सूप संपलं. आईने माझा बाऊल उचलून आपल्या बाऊलवर ठेवला, चमचे त्यात घातले आणि पावाचा चुरा तळहातावर गोळा करायला लागली.

"आई, हात खाली ठेव."

"अगं, सांडलंय म्हणून..."

"ठेव म्हटलं ना!"

शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या. आईने चुरा मुठीत धरून हात मांडीवर घेतला. आमचा वेटर टक्कल पडलेला, तिच्या जुन्या ओळखीचा. "ताई, तुम्ही? आणि इकडे?" त्याचा चेहरा खुलला. त्याने बाऊल असे उचलले जसं काही आई कुणी मोठी पाहुणी होती. मला त्याची पाठ थोपटावीशी वाटली.

मग पुढचं मागवायला मी मेन्यूकार्ड आईला वाचून दाखवायला घेतलं. सगळ्यात वर, ठळक अक्षरात: "आमच्या शेफच्या आजीची रॅव्हिओली. कोपऱ्यावरच्या तीन तिरक्या चुण्या ही आजीच्या हाताची खूण."

"कोणाची आजी?" आईने विचारलं.

मी परत वाचलं. माझा आवाज चढला होता.

रॅव्हिओली म्हणजे पिठाच्या पातळ पोळीत चीज-पालक भरून कडा मिटवलेली पुरचुंडी. कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी आईच्या उजव्या हाताचं पहिलं बोट पोळी लाटायच्या यंत्रात सापडलं. बोट वाचलं, पण वाकडंच राहिलं. त्याने दाब देता येईना, म्हणून ती अंगठा आणि मधल्या बोटाच्या चिमटीत कड धरून तिरकी दुमडायला लागली. तीन चुण्या पडायच्या. तशी पुरचुंडी उकळत्या पाण्यात कधी म्हणता कधी फुटली नाही. शेफनी पाहिलं, त्यांना आवडलं, मग सगळ्यांनाच तशी घालायला लावली. आणि आता ती आजीची झाली! माझ्या आईचं बोट मोडलं, आणि खूण यांच्या आजीची!

आईने ते बोट टेबलक्लॉथखाली नेलं. "असेल," ती म्हणाली. "त्यांची आजीपण तशीच घालत असेल."

"आई, तू ना..." पुढचं मी गिळलं.

रॅव्हिओली आली. सहांतल्या दोन फुटलेल्या, पालक बाहेर आलेला. चुण्या होत्या, दिसायला हुबेहूब. आईने एक काट्याने उलटी केली. "पहिल्या बोटाने दाबलीय," ती पुटपुटली. "आत हवा राहते. फुटणारच."

वेटर खाली वाकला. "आत सकाळपासून हेच चाललंय, ताई. पातेल्यातल्या निम्म्या फुटतात. मोठे शेफ नुसते पिसाळलेत."

तेवढ्यात मोठे शेफ बाहेर आले. पांढरा कोट, हसरा चेहरा. शेजारच्या टेबलाशी थांबून सांगायला लागले, लहानपणी आजीच्या मांडीला टेकून ते कसे चुण्या घालायला शिकले. मी काटा इतका घट्ट धरला की बोटं दुखली. मग त्यांना आई दिसली.

क्षणभर मला वाटलं, आता तरी लाज वाटेल. ते तसंच हसत आमच्याकडे आले आणि आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकले.

"मावशी! अगदी देवासारख्या आलात." मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "जरा आत येता? अर्धा तासच. तुमचा अ‍ॅप्रन अजून खुंटीवर आहे. मागच्या दाराने या, इकडून बरं दिसणार नाही."

आणि त्यांनी तिची खुर्ची मागे ओढायला सुरुवातही केली.

याच बोलावण्यासाठी आई चार महिने फोन उशाशी घेऊन झोपली होती. तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला. तिने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर टेकले, उठायला टेकतात तसे. माझ्या तोंडाशी हजार शिव्या आल्या होत्या. टेबलाखालून तिचा पाय माझ्या पायावर पडला, घट्ट. गप्प बस, असा.

मग तिने खुर्ची पुढे घेतली.

"मी जेवतेय," ती म्हणाली.

"हो हो, जेवण गरम ठेवायला सांगतो की. पण आत लोक खोळंबलेत, मावशी."

"आजींना बोलवा ना," आई म्हणाली. अगदी सरळ, सल्ला द्यावा तशी. "खूण त्यांची आहे. त्यांना येईल."

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आधी शेफकडे, मग आईच्या वाकड्या बोटाकडे पाहिलं. शेफनी खुर्चीवरचा हात काढला. वाकून, दात न दाखवता म्हणाले, "पुन्हा कधी बोलावणं येणार नाही, मावशी. विचार करा."

"बरं," आई म्हणाली.

ते गेले. आई जेवत राहिली. सहाच्या सहा खाल्ल्या, फुटलेल्या दोनसुद्धा, सावकाश, एकेक घास चावून. आतून पातेली आपटल्याचा आणि ओरडण्याचा आवाज येत होता. प्रत्येक आवाजाला तिची मान तिकडे वळायला बघायची आणि ती परत ताटाकडे आणायची.

ताट संपलं. माझं ताट तिच्या शेजारीच होतं, पण तिने त्याला हात लावला नाही. हात मांडीवर ठेवून ती वेटरची वाट बघत बसली. हात लटलट कापत होते. मी ते माझ्या हातात घेतले.

"घाबरलीस का गं?"

"घाबरते कशाला," आई म्हणाली. "राग आलाय मला."