पार्गेव चहा पितो

आमच्या आर्मेनियातल्या ग्युमरीत कोणी चहा पिताना दिसला की लोक त्याला तब्येत विचारत नाहीत, त्याच्या बायकोला विचारतात. आम्ही कॉफीवाले. सोयरीक, भांडण, समेट, सगळं कॉफीवर. चहा म्हणजे डोंगरातला रानओवा, पुदिना, रानगुलाबाची फळं. खोकल्यावर, पोटावर, आणि डॉक्टरने हात टेकले की सगळ्यावर. धडधाकट माणसाला चहा विचारणं म्हणजे तुझा काही भरवसा दिसत नाही, असं तोंडावर सांगणं.

शुशानला हे ठाऊक होतं. पण ती येरेवानला व्यवसायशास्त्र शिकत होती, आणि तिथे आधी ठाऊक असलेलं विसरायला शिकवतात. उन्हाळ्यात परत आली ती थेट मामाच्या रिकाम्या गाळ्यात चहाघर मांडूनच बसली. कपाटात पुस्तकं, भिंतीवर चित्रं.

"गेघामआजोबा," ती मला म्हणाली, "कॉफी संपली की आपल्याकडे कप उपडा करतात आणि गाळात नशीब वाचतात. सारखं स्वतःचंच. चहा गाळून देते मी. निदान दुसऱ्याचं काही वाचतील."

"आणि चित्रं कशाला?"

"पुस्तकातून मान वर केली की बघायला काही नको?"

"खिडकी आहे की."

"खिडकीतून मामाचं टायरचं दुकान दिसतं."

मामा हाइकाराम. त्यालाही हा गाळा हवा होता, टायर रचायला. ठरलं असं की पहिलं बर्फ पडेपर्यंत चहाघर चाललं तर गाळा शुशानचा. नाही तर तिने शिक्षण गुंडाळायचं आणि मामाच्या दुकानात टायर विकायचे.

कोणी फिरकेना. यायचा तो एकटा पार्गेव. भिंतीवरची चित्रं त्याचीच. सगळी डाळिंबं. एक डाळिंब, दोन डाळिंबं, आणि फार उदास वाटलं त्या दिवशी फोडलेलं डाळिंब. घरची शेगडी धूर ओकायची, म्हणून तो इथे खिडकीशी बसून रानओव्याचा चहा प्यायचा आणि कोवळ्या अक्रोडांचा मुरांबा चाटायचा.

एक दिवस वार्सेनिकमावशीने मला चौकात गाठलं.

"पार्गेवला काय झालंय रे?"

"काही नाही. चहा पितो."

"रोज?"

"रोज."

तिने छातीवर क्रूस काढला. मी फक्त खरं तेवढं बोललो होतो. माझ्या एकाही थापेने आजवर एवढं काम केलेलं नाही.

संध्याकाळी गाव लोटलं. मरणारा बघायचा, पण बघतोय असं दिसायला नको, म्हणून जो तो कपाटातलं पुस्तक ओढून तोंडापुढे धरी. बसायचं तर चहा मागवावा लागे. खाटकाला चहा पिताना बघून त्याची सासू घाबरून धावत आली. तिच्या हातात कप दिसला म्हणून तिच्या बहिणी आल्या, त्यांना न्यायला नवरे आले. खाटकाने पुस्तक उलटं धरलं होतं. तासाभराने हळूच सुलट केलं आणि सासूलाच म्हणाला, "जरा गप्प बसता का?"

अंगात ताकद यावी म्हणून मावशी त्याला रोज जनावराच्या पायांचं सूप आणी. पार्गेवचे गाल लालबुंद झाले. "दिवा विझताना असाच मोठा होतो," ती डोळे पुसत म्हणाली.

हाइकाराम व्यापारी माणूस. मेलेल्या चित्रकाराची डाळिंबं महाग होतात, हे त्याने कुठेतरी ऐकलेलं. त्याने सगळी भिंत विकत घेतली आणि वाट बघत बसला.

मग बर्फ पडलं. हाइकाराम मोजपट्टी घेऊन हजर.

"गर्दी चहासाठी येत नाही, मयतासाठी येते," तो भाचीला म्हणाला. "याला धंदा म्हणत नाहीत." मग खिडकीकडे वळून मऊ आवाजात, "कसं वाटतंय, पार्गेव-जान?"

"ठणठणीत."

हाइकारामचा चेहरा उतरला. "हळू बोल. लोक ऐकतायत."

"मामा, उद्या गाळा रिकामा करते," शुशान म्हणाली. "पार्गेवकाका मग समोरच्या टपरीवर कॉफी पितील. सगळ्या गावासमोर. मोठ्याने हसतील वगैरे."

"मला धमकी देतेस?"

"नाही. बाजाराचा अंदाज सांगते."

हाइकारामने मोजपट्टी गुंडाळली. "वसंतापर्यंत राहू दे. डॉक्टर म्हणतात, अशी माणसं वसंतातच जातात."

"कुठले डॉक्टर?" मी विचारलं.

"तू गप्प बस, म्हाताऱ्या."

तेव्हापासून तो रोज पार्गेवसमोर पहाऱ्याला बसतो. चहाशिवाय बसता येत नाही, आणि टक लावून बघणं बरं दिसत नाही, म्हणून हातात जाडजूड कादंबरी.

परवा पार्गेवच्या घशात अक्रोड अडकला. डोळे पांढरे झाले. चहाघरातली सगळी पुस्तकं एकदम खाली आली. हाइकाराम उठला. मला वाटलं, आता हा डाळिंबांना मिठी मारतो. पण त्याने पार्गेवच्या पाठीत असा गुद्दा घातला की अक्रोड सुटून टायरच्या दुकानापर्यंत गेला.

"दोनच पानं उरली होती," हाइकाराम बसत पुटपुटला. "आत्ताच सुचायचं होतं याला."

ती पानं संपल्यावर त्याने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडून मागे आणखी काही आहे का ते पाहिलं.

"शुशान, याचा दुसरा भाग कुठाय?"

"येरेवानहून मागवावा लागेल, मामा. वेळ लागेल. आणि वसंत तर आला."

"मग?" तो कप पुढे सरकवत म्हणाला. "गाळा काय पळून चाललाय?"