खंडेनवमीचा मान

आमच्या घरात खंडेनवमीला ट्रॅक्टरपासून खुरप्यापर्यंत सगळ्यांना मान मिळतो, फक्त माझ्या औजारांना नाही. माझी औजारं म्हणजे जुने संगणक. तळेगाव ढमढेऱ्यात ऊस आणि तरकारी करणाऱ्या घरातला मी धाकटा. कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत मशीन दुरुस्त करत नोकरी संपवली आणि हाती लागतील तिथून, भंगारातून, शाळांच्या अडगळीतून हे संगणक गोळा केले. गाव मला डबडेवाला म्हणतं. म्हणू दे. ज्यांना मोबाईलचा चार्जर सरळ घालता येत नाही, त्यांचं काय मनावर घ्यायचं?

लागायचं ते दादांचं बोलणं. हौसराव, माझे थोरले भाऊ. वडील गेल्यावर त्यांनीच मला शिकवलं. दरवर्षी ते अंगणात कोयते, फवारणीचा पंप, विहिरीची मोटर ओळीने मांडतात, हळदकुंकू वाहतात. एकदा मी विचारलं, "माझा एखादा संगणक ठेवू का ओळीत?" तर म्हणाले, "औजार म्हंजी पोटाला देतं ते. तुझी डबडी काय देत्यात?" माडीवरच्या माझ्या खोलीत ते कधी आलेच नाहीत.

त्या डबड्यांत एकावर माझा जीव होता. चाळीसेक वर्षांपूर्वी शाळांना मिळालेला, कीबोर्डच्याच पेटीत सगळं सामावलेला संगणक. आणला तेव्हा आत उंदरांचा संसार होता. एकेक भाग बदलत, कित्येक वर्षं खपून मी तो उभा केला. बटण दाबलं की बारीक आवाज करायचा आणि जुन्या टीव्हीवर पांढरी अक्षरं उमटायची. पुढे चौकोन लुकलुकत राहायचा, 'सांगा, काय करू?' असं विचारल्यासारखा. या घरात मला असं दुसरं कुणी विचारत नव्हतं.

यंदा पुण्याच्या एका कॉलेजातल्या रश्मी मॅडम जुन्या संगणकांचं प्रदर्शन भरवणार होत्या. दसऱ्याच्या सुट्टीला बघायला येते, म्हणाल्या. अट एकच, संगणक चालू पाहिजे. बंद पडलेले त्यांच्याकडे ढिगाने होते. मी मनाशी ठरवलं, मॅडमच्या शेजारी दादांना खुर्ची द्यायची आणि मग बटण दाबायचं. त्यांनी तो एकदा चालताना बघावा, एवढंच मला हवं होतं.

खंडेनवमीला मी टीव्हीची वायर आणायला पुण्यात तपकीर गल्लीत गेलो. दुपारी परत आलो तर अंगणात ओळ मांडलेली. ट्रॅक्टर, पंप, कोयते आणि शेजारी माझे सगळे संगणक, चकचकीत, झेंडूच्या माळा घातलेले. शाळेचा संगणक मधोमध पाटावर. त्याच्या फटींतून अजून पाणी ठिबकत होतं.

"आलास व्हय?" दादांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मागे माझी बायको सीमा उभी होती. "तुझी सीमा म्हनली, दरसाली तुला लई वाईट वाटतं. म्हनलं, औंदा ह्यास्नी बी मान द्यायचा. ट्रॅक्टरसंगं शिक्रापूरच्या वॉशिंग सेंटरला नेली. फोम मारून घेतला चांगला. म्या सोता हुबा हुतो."

मी पाटापाशी धावलो. "दादा, चालू नाही ना केलात?"

"केला की ह्यो पाटावरचा! बिघडला तर न्हाई, बघाया नगं? वाईच धूर निघाला. वला आसंल. वाळंल उनात."

संगणक धुता येतो. मीही धुतलेत, उघडून, मऊ ब्रशने, आणि नंतर कितीतरी दिवस पंख्याखाली वाळवलेत. पण ओल्याला वीज दिली की खेळ खलास. पेटी वर नेऊन उघडली. मधली चिप तडकली होती, भोवती काळा डाग. तशी चिप आता कुणी बनवत नाही.

मी तापट आहे, अख्खं गाव जाणतं. शिव्या ओठापर्यंत आल्या होत्या. पण सत्तरी ओलांडलेला हा माणूस गुडघे धरत माडीवर चढला होता, एकेक संगणक छातीशी धरून त्याने खाली आणला होता. माझ्या खोलीत तो पहिल्यांदा आला, तोही मी नसताना.

"सांगा की त्यांना," सीमा कुजबुजली.

"काय सांगू? मान दिलात आणि जीव घेतलात?"

मी पेटी बंद केली आणि पुन्हा पाटावर नेऊन ठेवली.

दसऱ्याला मॅडम आल्या. दादा नवी टोपी घालून पुढे झाले. "ह्यो माझा धाकटा. गाव येडा म्हनतं. म्या बी म्हनलो. पर तुमच्यासारकी मानसं पुन्यासनं बघाया येत्यात, म्हंजी डोकं हाय त्याला."

हे ऐकायची वाट बघत मी म्हातारा झालो होतो. आणि ऐकताना आनंद होईना.

"दाव की म्याडमला चालू करून," दादा म्हणाले.

"चालू होत नाही, दादा."

त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या हातनं गेलं का रं?"

खरं सांगितलं असतं तर त्यांनी ते मरेपर्यंत उराशी बाळगलं असतं. "नाही. तो आधीपासूनच बंद होता."

"पण फोनवर तर चालू आहे म्हणाला होतात," मॅडम म्हणाल्या.

"खोटं बोललो."

मॅडमनी चहा अर्धा ठेवला आणि निघून गेल्या. दादांनी आधी सुटकेचा निःश्वास टाकला, मग माझ्याकडे बघितलं.

"म्हंजी येवढी वर्सं तू बंद डबड्याम्होरं बसत हुतास?"

मी मान डोलावली. दादा पाटापाशी गेले, संगणकावरची माळ काढली आणि ट्रॅक्टरला घातली, आधीच्या माळेवर.

"उचल ती डबडी," ते म्हणाले. "सोनं द्याया मानसं येतील आता."

मी उचलली.