गाढवाने दिलेला शब्द

"ओझं!"

ही कुजबूज होती. निदान विंगेतल्या खुर्चीवर बसलेल्या काकांच्या मते तरी होती. पण सभागृहाच्या पार शेवटी शिडीवर चढून दिवे जोडणारा वायरमन तिथूनच ओरडला, "आलं हो काका, इथपर्यंत ऐकू आलं!" आणि रंगमंचावरचं अख्खं न्यायालय खो खो हसत सुटलं. न्यायाधीश झालेली नववीतली मुलगी तेवढी लालबुंद झाली. ती वाक्य विसरली होती, आणि ते आता सगळ्यांना कळलं होतं.

"हॉल घुमतोय," काका म्हणाले.

काका शाळेच्या फीच्या खिडकीमागे बसणारे कारकून. शाळा खाजगी, पालक घाईतले. त्यांतला एकही रस्त्यात भेटला तर काकांना ओळखणार नाही. पण नाटकाच्या तालमी लागल्या, की शाळा सुटताच खिडकी बंद करून स्वारी विंगेत हजर. पोरांनी नावच ठेवलं होतं कुजबुजकाका. विसरलेल्याला त्यांनी कधी अख्खं वाक्य दिलं नाही. फक्त एक शब्द द्यायचा, बाकीचं ज्याचं त्याने आणायचं. वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं तरी ज्यांची बोबडी वळायची, अशी कितीतरी पोरं त्या एका शब्दावर राजे झाली, वकील झाली. काकांना त्याचा कोण अभिमान!

तालीम संपल्यावर नाटक बसवणाऱ्या बाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

"काका, राग मानू नका, पण तुमचा आवाज हल्ली फार मोठा लागतो. उद्या प्रेक्षकांत बसता का? काकूंनाही आणा."

"म्हणजे मला ऐकू येत नाही, असंच ना?" काका तडकले. "कान ठणठणीत आहेत माझे!"

घरी बायकोलाही हेच उत्तर मिळायचं. टीव्ही आपल्याकडे लागतो आणि बातम्या शेजारी ऐकतात, असं ती म्हणाली की काका फणकाऱ्याने उठून जायचे. आज मात्र त्यांना उठून जाता येईना. त्या पोरीचा लाल झालेला चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"खुर्चीवर बसू तर द्या," शेवटी ते म्हणाले. "तोंडातून ब्रसुद्धा काढणार नाही."

बाईंचं मन द्रवलं. त्या हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. ओझी वाहून थकलेल्या गाढवाने मालकावर केलेल्या खटल्याचं नाटक, तेही मुलांनीच लिहिलेलं. पालक पोट धरून हसत होते. शेवटी न्यायाधीश उभी राहिली.

"हे न्यायालय असा निकाल देतं, की..."

आणि थांबली. तिचे डोळे भिरभिरले.

काकांच्या जिभेवर शब्द तयार होता. दिला, तर शेवटच्या रांगेपर्यंत जाणार आणि पोरीची शोभा होणार. नाही दिला, तर एवढ्या लोकांसमोर बिचारी एकटी.  काकांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. बोल गं बाई, बोल.

इतक्यात गाढव हललं. त्या कातड्यात आठवीतली एक मुलगी होती, आणि नाटकभर ओरडण्यापलीकडे तिला काम नव्हतं. ती डुलत डुलत पुढे गेली, तिने न्यायाधीशाला हुंगलं आणि तिच्या कानाला तोंड लावलं. हशा उसळला. न्यायाधीशाने गंभीरपणे मान डोलावली.

"न्यायालयाने फिर्यादीचं म्हणणं ऐकलं आहे. माणसाने आपलं ओझं आधी स्वतः उचलून बघावं!"

टाळ्या अशा कडाडल्या, की काकांच्या कानांनाही त्या पुरून उरल्या. "वा गं माझ्या गाढवा!" ते चक्क ओरडले, त्या गदारोळात कुणाला काही ऐकू गेलं नाही.

पडदा पडल्यावर गाढवाचं तोंड काखेत मारून ती मुलगी धावत आली. घामाने निथळत होती.

"काका, एकच शब्द दिला मी! अख्खं वाक्य नाही!"

"पण तुला कसा गं पाठ?"

"आम्हाला सगळ्यांना सगळ्यांचं पाठ आहे. तालमी लागल्या तेव्हाच ठरवलं होतं. कालसुद्धा मी देणारच होते, तुम्ही आधी बोललात. म्हणजे काय, की तुम्हाला..." ती अडखळली.

"तुम्हाला त्रास नको, म्हणून," न्यायाधीशाने तिला सावरलं.

 म्हणजे पोरांना काकांच्या कानांचं केव्हाचं ठाऊक होतं. नुसतं हसून न सोडता या कार्ट्यांनी अख्खं नाटक पाठ केलं होतं. काकांना लाज वाटली, आणि छातीत अभिमान मावेना.

तोवर बाई आल्या, शिडी घेऊन वायरमन आला, प्रेक्षकांतून काकूही आल्या.

"पुढच्या वर्षी बसाल ना काका, खुर्चीवर?" गाढवाने विचारलं.

"खुर्चीवर तू बसायचंस. मी पहिल्या रांगेत बसणार."

"पहिल्याच का?"

काकांनी एकदा बायकोकडे पाहिलं.

"मागून मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मोठा लागला, पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला. काकांनी तो जाऊ दिला.