माईकाआडची सत्यशीला

घाटंजीच्या महिला संस्थेने नवी वेबसाईट केली आणि तिच्यावर जुन्या मेळाव्यांचे व्हिडिओ टाकले. त्यातला एक संघदीपने नागपूरहून बापाच्या, उकंडाच्या मोबाईलवर पाठवला. उकंडाने चष्मा चढवून पाहिलं, तर त्याची बायको, सत्यशीला. अंगावर तीच निळ्या काठांची साडी, हातात माईक, समोर मांडवभर बाया, आणि ती बोलते आहे. तिला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

उकंडाचे कान ऐन जवानीत गेले. क्षय बरा झाला, पण इंजेक्शनांनी ऐकणं नेलं. तेव्हापासून लोक त्याला आधी पाटीवर आणि पुढे मोबाईलवर लिहून दाखवत. सत्यशीलाला मात्र कधी लिहावं लागलं नाही. ती त्याच्यासमोर उजेडाकडे तोंड करून बसायची, सावकाश बोलायची, आणि ओठांवरून त्याला सगळं उमगायचं. आता ती डोळ्यांसमोर बोलत होती आणि त्याला एक शब्द कळत नव्हता. माईक तिने तोंडाला असा लावून धरला होता की ओठच दिसेनात. त्याने मोबाईल तिरपा करून पाहिला, जणू बाजूने डोकावलं तर माईकामागचं दिसेल.

दुसऱ्या दिवशी तो संस्थेच्या ऑफिसात जाऊन उभा राहिला.

"पोरी, माही बायको काय बोलून राह्यली, मले लिहून दे."

टेबलाशी पायल होती. वेबसाईट आंधळ्या-बहिऱ्यांनाही वापरता यावी असं संस्थेच्या कमिटीने ठरवलं होतं आणि ते काम तिच्याकडे आलं होतं. फोटोंखाली वर्णनं लिहून झाली होती, फिकी अक्षरं गडद झाली होती. व्हिडिओंना कॉम्प्युटरच आपोआप अक्षरं देतो, ते बटण तिने चालू करून टाकलं होतं. तिने ते उकंडाला दाबून दाखवलं. सत्यशीलाच्या पायाशी अक्षरं उमटू लागली.

उकंडा वाचत गेला. थोड्या वेळाने त्याने मान वर केली.

"हे करुणा कोण होय?"

पायलने इअरफोन कानाला लावला. सत्यशीला म्हणत होती, 'मी आता काय काम करून राह्यली, ते सांगतो.' कॉम्प्युटरने लिहिलं होतं, 'करुणा राहिली'. 'मले'चं त्याने 'मळे' केलं होतं, आणि पुढे तर शब्दांची नुसतीच खिचडी. पायलला हसू फुटलं. मग उकंडाच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि ते तिथेच विरलं.

'काकाजी, मी स्वतः ऐकून लिहिते,' तिने मोबाईलवर लिहून दाखवलं. 'पुढच्या बाजाराच्या दिवशी या.'

ती रोज थोडं थोडं ऐकून लिहीत गेली. सुरुवातीला तिने सगळं पुस्तकी मराठीत उतरवलं, पण वाचताना ती बाई दुसरीच कोणीतरी वाटायला लागली. तिने ते पुसलं आणि 'मले'ला 'मले'च ठेवलं. एका जागी मात्र तिचा हात थांबला. तिने संस्थेच्या अध्यक्ष कुंदाताईंना ऐकवलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बहिरेपणावर थट्टा? आणि आपल्या वेबसाईटवर? तेवढं गाळ, पायल. त्या माणसाला वाचून काय वाटेल?"

पायलने तेवढं गाळलं.

बाजाराच्या दिवशी उकंडा धुतलेला सदरा घालून आला. पायलने व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला, कुंदाताईही येऊन बसल्या. 'पहिल्या मिटिंगले मी गेलती, तं पाय लटलट कापत होते,' अक्षरं आली. उकंडाचे ओठ त्यांच्याबरोबर हलायला लागले. डाळीची चक्की कशी घेतली, ती पहिल्याच दिवशी कशी बंद पडली, सारं येत गेलं. मग पडद्यावर एकदम सगळ्या बाया हसून लोटपोट झाल्या. कॅमेरा वळला. मागे पुरुषांच्या ओळीत उकंडा स्वतःच बसलेला दिसला, तोही हसत होता. खाली अक्षरं नव्हती.

"थांबव," तो म्हणाला. "इथं काय म्हणली ती?"

पायलने कुंदाताईंकडे पाहिलं.

"मी तिथंच होतो," उकंडा म्हणाला. "सारे हासले म्हणून मी बी हासलो. घरी आल्यावर इचारलं, तं म्हणे, सांगीन कधी. मंग तिच्यानं राहूनच गेलं." तो कुंदाताईंकडे वळला. "बाई, हे तुम्ही आमच्यासारख्यासाठीच करून राह्यले ना? मंग मांडवात साऱ्यायले जे ऐकू आलं, ते माह्यापासूनच काहून लपवता?"

कुंदाताई काही वेळ टेबलावरची काच पुसत राहिल्या. "लिही, पायल," त्या म्हणाल्या. "जसं आहे तसं."

पायलने टाईप केलं. उकंडा तिच्या खांद्यामागे उभा राहून एकेक शब्द उमटताना पाहत होता.

'लोक म्हणतात, सत्यशीला, तुह्या नवऱ्याले ऐकू येत नाही, कसा संसार केला? मी म्हणतो, बायकोचं तं कोन्याच नवऱ्याले ऐकू येत नाही. माह्यानं निदान त्याच्यासाठी इंजेक्शनं तं घेतले!'

उकंडा हसला. खोकला येईस्तोवर हसला. पायल पाणी आणायला उठू लागली, त्याने हातानेच बसवलं. पुढचं उमटत होतं.

'[हसू थांबायची वाट पाहते.] पण एक सांगतो. माह्या तोंडाकडं जेवढं त्यानं पाह्यलं, तेवढं कोन्या नवऱ्यानं बायकोकडं पाह्यलं नसन.'

त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"आवाज कसा आहे तिचा?" त्याने विचारलं.

पायलने पुन्हा इअरफोन लावला. बराच वेळ ऐकून तिने लिहिलं, 'घोगरा. जाडसर. जोरात बोलली की मधेच फाटतो, मग ती खाकरून पुढे बोलते.'

"घोगरा?" उकंडा म्हणाला. हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. केस पिकले ते त्याने पाहिले होते, दात पडले ते पाहिले होते. आवाजही म्हातारा होतो, हे त्याला कोण सांगणार?

"माह्याजवळ तिचा आवाज पंचविशीतलाच राह्यला," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर कापूस फुटला होता, बाया वेचत होत्या. डोळे मिटून त्याने सत्यशीलाला आठवलं, पिकल्या केसांची, मांडवात उभी असलेली, आणि तिच्या तोंडी तो घोगरा आवाज घालून पाहिला. आवाज बसेना. पुन्हा घालून पाहिला. दर वेळी बांधावरून तीच पंचविशीतली सत्यशीला बारीक, खणखणीत आवाजात हाक मारी, "भाकर आणली वो, या!" आणि म्हातारी सत्यशीला नुसते ओठ हलवत माईकाआड उभी राही.