पूर्णिमाची सहल आणि तालमीतले चौघे

आमच्या अमरसिंहची एक वाईट खोड आहे. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत हा हात घालतो. शेजारणीचा गॅस सिलिंडर असो, रस्त्यात रुतलेली गाडी असो, नाहीतर कुणाची म्हातारी देवळाच्या पायऱ्या चढत असो, हा विचारत नाही, उचलतो. तरुणपणी तालमीत होता. आता पशुखाद्याचं दुकान आहे, दिवसभर पेंडीची पोती इकडून तिकडं करतो. गल्लीत लोक म्हणतात, अंबूबाईचा लेक म्हणजे देवमाणूस. मी त्याची आई, मलाही ते गोड लागायचं. म्हणून तर त्या खोडीला खोड म्हणायला मला इतकी वर्षं लागली.

त्याची मुलगी पूर्णिमा. तीन वर्षांपूर्वी उचगावजवळ दुचाकीवरून पडली, पाठीचा मणका गेला. तेव्हापासून कमरेखाली तिला काही कळत नाही, चाकाच्या खुर्चीवर असते. पण रिकामी बसत नाही. घरात कॉम्प्युटरवर वाढदिवसाचे फ्लेक्स बनवून देते. आमच्या चौकातले सगळे भावी नगरसेवक जरा बरे दिसतात ते तिच्या हातामुळं.

यंदा मे महिन्यात पुण्याच्या पुढं एका मोठ्या थीम पार्कला जायचं ठरलं. म्हणजे पूर्णिमानंच ठरवलं. दवाखाना आणि पावण्यांची लग्नं सोडली तर तीन वर्षांत ती कुठं गेली नव्हती. महिनाभर तिचे फोन चालले होते, पार्कवाल्यांना, हॉटेलवाल्यांना. गेटपासून आतपर्यंत फरशी आहे का खडी? माझी खुर्ची पंचवीस इंच रुंद आहे, बाथरूमचं दार किती? दाराला टेप लावून तेवढा फोटो पाठवा. कुठल्या पाळण्याची बैठक खुर्चीच्या उंचीला येते, कुठं मधे लाकडी फळी टाकून तिला आपली आपण सरकता येईल, सगळं तिनं वहीत लिहिलं होतं. एका होडीपुढं लाल पेनानं चांदणी काढली होती. ती होडी काठाला अगदी चिकटून थांबते, तुम्ही खुर्चीवरून सरकून बसू शकाल, असं पार्कातल्या एका बाईनं तिला सांगितलं होतं. त्या दिवशी पोरगी दोन भाकरी जेवली.

"बाथरूमचं लग्न जमवतीयास व्हय?" अमर ताटावर बसून म्हणाला. "फोटो मागवतीयास, उंची-रुंदी इचारतीयास."

सगळे हसले. मीही हसले.

"पप्पा, हे जमलं न्हाय तर मला दोन दिवस पाणी न पिता काढायला लागतील," पूर्णिमा म्हणाली. "दार अरुंद असलं की मी काय करते तुम्हाला ठाऊक हाय का? सकाळपासनं घोटभर पाणी पीत न्हाय."

"मी हाय की. उचलतो."

"तेच नको म्हणून तर फोन चाललेत."

ते त्यानं ऐकलं का नाही कोण जाणे. भाकरी मोडून रश्श्यात घातली आणि पावसाचं काहीतरी बोलायला लागला.

रविवारी सकाळी त्यानं तालमीतली चार पोरं दारात आणून उभी केली. पुढं सम्राट, एकेक दंड माझ्या मांडीएवढा.

"आई, ही चौघं आपल्यासंगं येत्यात. मोठी गाडी सांगितलीय. पायरी असू दे, जिना असू दे, पूर्णी वरच्या वर. दोन म्होरं, दोन मागं."

आमच्या कोल्हापुरात अशी पोरं मिळायला वेळ लागत नाही. हाक मारली की येतात, चहासुद्धा घेत नाहीत. पुराच्या वेळी ह्यांनीच कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्याकोताऱ्यांना खांद्यावर बाहेर काढलं. त्याचा आम्हाला अभिमान आहे, असायलाच पाहिजे. पण त्यातून आमची एक समजूत होऊन बसली, की माणूस उचललं की प्रश्न सुटला.

पूर्णिमा दारालगतच्या सोप्यात दिवाणावर बसली होती. तिनं वही मिटली.

"ही चौघं येणार असतील तर मी येत न्हाय."

"लई लाडावलीस तू," मी म्हणाले. "बाप एवढा जीव टाकतोय, आणि तुझं नाक वर. लोकाच्या पोरींना कोण इचारतंय?"

"मग आज्जी, तू बस की एकदा माझ्या खुर्चीत. ह्या दारातल्या दोन पायऱ्या. बास."

"बसते. मला काय धाड भरलीय?"

पोरांनी रिकामी खुर्ची खाली गल्लीत नेली. मी बसले. लुगड्याचा घोळ गुडघ्यात दाबला, पदर डोक्यावर नीट घेतला. मला वाटलं होतं, धरू का आज्जी, असं कुणीतरी विचारेल. अमर "हं" म्हणाला आणि माझ्या पायाखालची जमीन गेली.

एकाचा हात मांडीखाली आला. पदर चाकात अडकला आणि डोक्यावरून ओढला गेला. पुढचे दोघे वरच्या पायरीवर, मागचे दोघे खाली, मी मागं कलंडलेली, तोंड आभाळाकडं. धरायला काही नव्हतं म्हणून सम्राटच्या मानेला धरलं, ती घामानं निसटत होती. समोरच्या माडीवर कुणीतरी मोबाइल काढला.

"ठेवा खाली," मी म्हणाले.

"काय होत न्हाय आज्जी, डोळं मिटा," सम्राट म्हणाला.

"ठेवा म्हटलं न्हवं?"

"झालंच आई," अमर हसत म्हणाला. "हलकी हायस की तू."

मंडळी, ह्या गल्लीत माझ्या एका शब्दावर भांडणं थांबतात. सासू-सुना माझ्याकडं न्याय मागायला येतात. त्या दिवशी मी दोनदा सांगितलं, आणि त्या चार पोरांनी आणि माझ्या पोटच्या लेकानं ऐकलं नाही. पोरं वाईट नव्हती. पण खुर्चीत बसलेल्या बाईचं बोलणं त्यांना बोलणं वाटलं नाही, भ्यालेल्या लेकराची कुरकुर वाटली. बाई मी तीच होते. फक्त माझी बसायची जागा बदलली होती.

वर सोप्यात खुर्ची टेकली. पदराला चाकाचं काळं लागलं होतं.

"बघ पूर्णे," अमर म्हणाला, "कशी फुलावानी आली आई."

"आईलाच इचारा की."

मी त्याच्याकडं बघितलं नाही. नातीला विचारलं, "तुला दर टायमाला असंच होतंय?"

ती रडली नाही. साधं सांगावं तसं तिनं सांगितलं.

"जयसिंगपूरच्या लग्नात मला खुर्चीसकट स्टेजवर उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा-नवरी राहिली बाजूला, सगळी माझ्याकडंच बघत होती. त्या गडबडीत माझा पाय खुर्चीच्या दांड्यात अडकला. मला तिथलं काय कळतच न्हाय. दुसऱ्या दिवशी मम्मीनं मोजा काढला तवा जखम दिसली."

ती घोट्याची जखम भरायला दोन महिने लागले होते. डॉक्टर म्हणाले होते, अजून चार दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं. आम्ही सगळे समजलो होतो नवा बूट लागला. अमर तर बुटाच्या दुकानात जाऊन भांडून आला होता. दुकानदाराची गळपट्टी धरायचीच बाकी ठेवली होती.

"स्टेजवर मागनं मीच धरलतो," अमर म्हणाला. "मग सांगितलं का न्हाईस तवा?"

"तुम्ही मायेनं उचलता पप्पा. मायेला नको कसं म्हणायचं? आणि म्हटलं तरी तुम्ही ऐकताय कुठं? आता आज्जीचं तरी ऐकलंसा का?"

सम्राट माझ्या काळ्या पडलेल्या पदराकडं बघत होता.

"पुरात उचललं ते बरोबरच," ती सम्राटकडं बघून म्हणाली, "तिथं दुसरी वाट नव्हती. पण पार्कला जायचं म्हणजे पूर न्हाय. आधी इचारलं की वाट सापडती. चार पाळणं राहिलं तरी चालतील मला, फिरायला उशीर झाला तरी चालंल. पण तिथं मला माझी मी फिरायचंय. नुसतं उचलून इकडनं तिकडं ठेवणार असाल तर पेंडीचं पोतं न्या की, त्येला काय वाटत न्हाय."

अमर पायरीवर जाऊन बसला. मग उठून आत आला, दिवाणावरची वही उचलली, मग थांबला आणि ती परत तिच्यापुढं ठेवली.

"घेऊ का?" त्यानं विचारलं.

माझ्या लेकाच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

"घ्या की. पहिल्या हॉटेलवाल्याचा फोन आलेला न्हाय अजून. पायऱ्यांचं इचारा."

त्यानं फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. "पावणं, तुमच्या दारात पायऱ्या किती?"

"दोनच आहेत साहेब," पलीकडचा म्हणाला. "अजिबात टेन्शन घेऊ नका, आमची मुलं उचलतात."

अमरनं फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघितलं. त्याचंच बोलणं परक्याच्या तोंडून आलं होतं.

"उचलणारी माझ्याकडंच ढीगभर हायत," तो म्हणाला. "माझी लेक तिची ती आत येणार. उतार हाय का, तेवढं सांगा."

"उतार नाही साहेब, पण..."

"मग ऱ्हाऊ दे."

पुढचे दोन नंबरही तसेच गेले. चौथ्या ठिकाणी एक मुलगी बोलली. तिनं नुसतं "सगळं आहे" म्हणून सोडून दिलं नाही. टेप घेऊन गेली, दार मोजलं, तीस इंच भरलं, आणि उताराचासुद्धा फोटो पाठवला. पूर्णिमानं तो बोटांनी मोठा करून करून बघितला.

"चालतंय," ती म्हणाली.

अमर फुलून गेला. कपाळाचा घाम पुसत माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "जमलं बघ आई. आता झालं न्हवं सगळं?"

मी अजून खुर्चीतच होते. तिथून उघडं दार दिसत होतं, दाराबाहेर त्या दोन पायऱ्या आणि त्यांच्याखाली गल्ली. तीन वर्षं आम्ही परक्यांना नावं ठेवत होतो, सरकारी कचेरीत उतार नाही, बँकेत उतार नाही. वाचणाऱ्यांनो, तुमच्या दारात काय आहे ते तुम्हीही एकदा बसून बघा. उभ्यानं दिसत नाही.

"झालं कुठं?" मी म्हणाले. "खाली बस आणि ऐक. तू मनानं वाईट न्हाईस अमर, पण तुझ्या मायेला कान न्हाईत. पोरगी तीन वर्षं ह्या दारात तुझ्या हाताची वाट बघत बसली, आणि तू समजलास सेवा करतोय. एक उतार बांधला असतास तर ती तिची ती कोपऱ्यावर दूध आणायला गेली असती. तुला शाबासकी देणारी मीच, तवा निम्मी चूक माझी. उद्या गवंडी बोलाव. ह्या चौघांच्या हातात घमेली दे, वाळू-सिमेंट पाहिजे तेवढं उचलू देत. आणि हितनं म्होरं माणसाला हात लावायच्या आधी इचारायचं. ती न्हाय म्हणाली की तिथंच थांबायचं, मग तू बाप असलास तरी. तिचं पाय गेल्यात, तिचा शब्द न्हाय गेलेला."